टोचत नाही म्हणजे बसला असं नव्हे

बूट घ्यायला गेलं की विकणारा माणूस नाड्या बांधून देतो, दोन पावलं मागे सरतो आणि विचारतो, "कुठे टोचतंय का? जरा चालून बघा." आपण चार पावलं तिकडे जातो, चार पावलं इकडे येतो, खाली वाकून बघतो आणि म्हणतो, "नाही, मस्त आहे." पादत्राणांची बहुतेक खरेदी या एवढ्याशा प्रश्नोत्तरावर उरकते. माझी उरकत नाही. मला टोचत नाही हे खरंच असतं. पण त्यातून बुटाबद्दल काहीही कळत नाही.

मला मधुमेह आहे, बरीच वर्षं आहे. डोंगरवाटा तुडवायची हौस त्याहूनही जुनी. मधल्या काळात पायांच्या बोटांतली संवेदना हळूहळू ओसरत गेली. ती पूर्ण गेलेली नाही, पण तिच्या साक्षीवर विसंबावं इतकीही उरलेली नाही. त्यामुळे बूट निवडताना मी पायांचं म्हणणं ऐकून घेते, मात्र निर्णय त्यांच्यावर सोडत नाही. तो मोजपट्टीवर, हातांवर, डोळ्यांवर आणि घड्याळावर सोडते.

असं का करावं लागतं, ते आधी सांगायला हवं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होत जाते. पहिला फटका सगळ्यांत लांबच्या तंतूंना बसतो, म्हणजे पायांच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या. पाण्याच्या लाइनीत दाब कमी झाला की शेवटच्या घराचा नळ आधी आटतो, तसंच हे. बोटांपासून सुरू झालेला बधिरपणा चवड्यावर येतो, मग घोट्याकडे सरकतो. हे इतकं सावकाश होतं की अमुक दिवशी काहीतरी हरवलं असं कधी वाटतच नाही.

आणि नुकसान फक्त स्पर्शाचं होत नाही, हे कमी लोकांना ठाऊक असतं. पावलातल्या लहान स्नायूंकडे जाणारे तंतूही दुबळे होतात. मग बोटं वरून वाकडी होतात, पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळतात, चवड्याखालची हाडं खाली डोकावू लागतात आणि त्यांच्याखालची चरबीची नैसर्गिक गादी पुढे सरकून जाते. घाम आणणारे तंतू थंडावले की त्वचा कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. थोडक्यात, पाऊल बधिर होतं, शिवाय त्याचा आकारही बदलतो. दहा वर्षांपूर्वी जो नंबर बसत होता, तोच आजही आपला नंबर आहे ही समजूत इथेच मोडीत निघते.

माझी पहिली तपासणी मला चांगली आठवते. डॉक्टरांकडे पेनासारखी एक दांडी होती, तिच्या टोकाला नायलॉनचा ताठ तंतू. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो त्वचेवर टेकवून दाबला की १० ग्रॅमचा भार पडताच वाकतो, म्हणजे प्रत्येक वेळी दाब सारखाच पडतो. डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा, आणि लागलं की हो म्हणा." मी डोळे मिटून वाट बघत बसले. बराच वेळ गेल्यावर मीच विचारलं, "सुरू करताय ना?" ते म्हणाले, "उजव्याचा अंगठा झाला, करंगळीखालचा भाग झाला. आता टाचेवर आहे." टाचेवरचा कळला. मग त्यांनी १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. त्याची थरथर हाताच्या बोटाला लख्ख कळत होती. पायाच्या अंगठ्याला नुसता गार धातू लागल्याचं कळलं.

गंमत अशी, की त्याच काळात रात्री माझे पाय जळजळत. मुंग्या यायच्या, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा व्हायचा. एवढं जाणवतंय म्हणजे पाय शाबूत आहेत, असा माझ्या मनाचा हिशोब होता. डॉक्टरांनी तो खोडून काढला. जळजळ हा बिघडलेल्या तंतूंचा स्वतःचाच गोंगाट असतो. बाहेरून आलेला खडा त्यात ऐकू येईलच असं नाही. पाय दुखतोही आणि बधिरही असतो, दोन्ही एकाच वेळी. मधुमेह असलेल्या आणि चालण्याची आवड असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी, आणि तीही नवे बूट घेण्याच्या आधी. निकाल काय येतो त्यावर पुढची सगळी खरेदी अवलंबून असते.

बधिर पायाला जखम होते कशी, याचं सगळ्यांत नेमकं उत्तर मधुमेहाच्या नव्हे, कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून आलं. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांचे पाय रोगानेच झडतात अशी तेव्हाची समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग संवेदना नेतो, आणि पुढचं नुकसान रोजच्या वापराने होतं, कारण थांबा म्हणायला वेदनाच उरलेली नसते. पुढे अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिल इथे, त्यांनी उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने दाब देऊन पाहिला. दाब फार नव्हता, एकदा दिला तर काहीच न होण्याइतका. तोच दिवसाला हजारो वेळा, रोज दिला तेव्हा तळवा आधी गरम झाला, मग सुजला आणि काही दिवसांत फुटला. दाबांची संख्या कमी करून मध्ये विश्रांतीचे दिवस दिले, तेव्हा तळवे टिकले.

हे वाचल्यावर माझा बुटाकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. खिळा, काच, धारदार दगड यांची भीती सगळ्यांनाच असते, आणि ती असावीच. पण डोंगरात चालणाऱ्या बधिर पायाचा नेहमीचा वैरी म्हणजे साधं, सारखं, त्याच जागी पडणारं पाऊल. दहा किलोमीटर चालायचं तर साधारण तेरा-चौदा हजार पावलं पडतात. निम्मी एका पायाची, निम्मी दुसऱ्याची. धडधाकट पायाचा माणूस दोन तासांनी नकळत चाल बदलतो. चवड्यावरचा भार बाहेरच्या कडेवर घेतो, जरा लंगडतो, बसतो, नाडी सैल करतो. आपण हे करतोय हे त्यालाही कळत नाही. माझा पाय पहिल्या किलोमीटरला जसा पडतो, तसाच शेवटच्याला पडतो. सोबतचे म्हणतात, "काय दम आहे हो!" त्यात दम वगैरे काही नाही. चाल बदलायला सांगणारी आतली व्यवस्थाच बंद आहे.

मग चालावंच कशाला, असं कोणी विचारेल. पूर्वी खरंच असं सांगत. संवेदना गेली आहे ना, मग सायकल चालवा, पोहा, पायावर भार देऊ नका. आता मत बदललं आहे. पायावर उघडी जखम नसेल आणि पादत्राणं नीट असतील, तर मध्यम चालण्याने धोका वाढत नाही, असं तज्ज्ञ सांगतात. मधुमेही पायांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या सूचनांमध्ये तर कमी किंवा मध्यम धोका असलेल्यांना रोजच्या चालण्यात १००० पावलांची वाढ सुरक्षित मानली आहे. वाढ हळूहळू करायची, हा त्यातला खरा गाभा. ज्यांना पूर्वी जखम होऊन गेली आहे, बोट काढावं लागलं आहे, किंवा पायातला रक्तप्रवाह मंदावला आहे, त्यांचा रस्ता वेगळा. त्यांनी दुकानातला तयार बूट घेऊन निघू नये. पायांच्या तज्ज्ञांकडून माप देऊन बनवलेली पादत्राणं आधी, वाट नंतर. चढावर पोटरी आवळून येत असेल आणि थांबलं की सुटत असेल, तर बुटांच्या आधी पायातल्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्यावी. बधिरपणामुळे हे आवळणंही कधीकधी लपून राहतं.

आता खरेदीकडे. मी दुकानात दिवस कलता कलता जाते, कारण पाय संध्याकाळपर्यंत थोडे सुजलेले असतात आणि लांब चालीतही ते तसेच सुजणार असतात. डोंगरात घालायचे तेच मोजे बरोबर नेते. माप उभं राहून घ्यायचं, बसून नाही. अंगाचा भार पडला की पाऊल लांबही होतं आणि पसरतंही. दोन्ही पायांचं घ्यायचं, आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने निवडायचा. बुटाची आतली लांबी पावलापेक्षा एक ते दोन सेंटीमीटर जास्त हवी, रुंदी पावलाच्या सगळ्यांत रुंद भागाएवढी हवी, आणि बोटांवर छप्पर टेकू नये इतकी उंची हवी. हे तिन्ही हवं, त्यांतलं एखादं नव्हे. वाकड्या बोटांच्या सांध्यांवर बुटाचं छप्पर घासतं, आणि लांबी-रुंदी तपासून समाधान मानणाऱ्यांच्या हातून नेमकी ही उंची निसटते.

नंबरांवर माझा फार विश्वास उरलेला नाही. युरोपीय मापात एक नंबर वाढला की लांबी सेंटीमीटरच्या दोन तृतीयांशाने, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटरने वाढते. ब्रिटिश मापात एक तृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटरने. दोन्हींचा तक्ता जुळवताना कंपन्या आपापल्या सोयीने आकडे गोळा करतात. त्यात ज्या साच्यावर बूट बेततात तो प्रत्येकाचा वेगळा. एका कंपनीचा ४२ आणि दुसऱ्या कंपनीचा ४२ यांच्यात नात्यापुरतं साम्य असतं. म्हणून मी नंबर सांगत नाही, मिलिमीटर सांगते.

यापेक्षा भरवशाची युक्ती आहे आणि ती फुकट आहे. बुटातला सुटा इनसोल, म्हणजे तळव्याखालची आतली गादी, बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि मोजे घालून त्यावर उभं राहायचं. पाऊल कडेने बाहेर सांडलं, करंगळी काठावर आली, की तो बूट परत खोक्यात. बूट पायात असताना जे कळत नाही ते इथे डोळ्यांना स्वच्छ दिसतं. इनसोल निघतच नसेल, तर माझ्यासारखीने तो बूट घेऊच नये, कारण उद्या डॉक्टरांनी वेगळा इनसोल दिला तर तो बसवणार कुठे? ज्यांच्याकडे असा इनसोल आधीच आहे, त्यांनी तो बरोबर न्यावा आणि बुटातला काढून तो घालूनच माप बघावं. तो सहसा जाड असतो. खाली जागा खाल्ली की वर बोटांची जागा कमी होते.

काही दुकानांत धातूचं, सरकत्या पट्ट्यांचं एक माप असतं, ब्रॅनॉक नावाचं. त्यावर टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी आणि रुंदी तर मिळतेच, पण टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतरही मिळतं. हे तिसरं माप कोणी विचारात घेत नाही. खरं तर तिथेच पाऊल वाकतं. बूटही तिथेच वाकायला हवा. त्याची वाकण्याची जागा जरा पुढे किंवा मागे असेल, तर प्रत्येक पावलाला बूट आणि पाय एकमेकांशी भांडत राहतात, आणि त्या भांडणाची खबर माझ्यापर्यंत येत नाही.

बधिर पायांची माणसं घट्ट बूट निवडतात, हे डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हा मला हसू आलं, मग पटलं. बरोबर मापाचा बूट त्यांना पायात आहे की नाही तेच कळत नाही, म्हणून सैल वाटतो. एक नंबर लहान घातला की कुठेतरी दाब जाणवतो आणि वाटतं, हां, आता धरून बसला. उलट टोकाची माणसंही असतात. रुंदी कमी पडते म्हणून ती लांबीत दोन नंबर वर जातात. मग टाच मागे वरखाली होते, उतारावर पाय पुढे घसरतो आणि बोटं टोकावर आदळतात. रुंद पायाला रुंद साच्याचाच बूट हवा. काही कंपन्या एकाच लांबीत दोन-तीन रुंद्या बनवतात. त्या शोधायला वेळ लागतो, पण तो घालवावा.

आता बूट कोणत्या जातीचा घ्यावा, यावर चालणारी माणसं कडाकडा वाद घालतात. मी माझं मत सांगते. घोट्यापर्यंत येणारा जाड चामड्याचा बूट दणकट असतो, दगडांपासून वाचवतो, पण तो पायाला सरावेपर्यंत कडक असतो. पायाने बुटाला मऊ करायचं, हा जुना मंत्र माझ्या कामाचा नाही. त्या झटापटीत बूट जिंकतो आणि पायाला पत्ता लागत नाही. कमी उंचीचे, हलके, कापडी ट्रेल शू पहिल्या दिवसापासून मऊ असतात. मात्र त्यांचा तळ फार लवचिक असेल तर टोकदार दगड खालून सरळ चवड्यावर दाबतो. मला मधला मार्ग मानवतो. वरचा भाग मऊ, आत बोटांजवळ शिवण नसलेला, पुढे बोटांना ठेच लागू नये म्हणून टणक टोपी, आणि खाली बऱ्यापैकी ताठ, पुढून थोडा वर वळलेला तळ. असा वळलेला तळ पावलाला पुढे लोळवतो. चवडा कमी वाकतो आणि त्याखालच्या हाडांवरचा दाब उतरतो. पायांच्या दवाखान्यात देतात त्या पादत्राणांत हेच तत्त्व जास्त ठळकपणे वापरलेलं असतं.

मऊपणाबद्दल मात्र सावध. दुकानात गादीसारखा दबणारा इनसोल दाखवतात, त्यात बोट दाबून दाखवतात. बोटाखाली दबणारी वस्तू अंगाच्या भाराखाली पार सपाट होते, आणि सपाट झालेला फोम काहीच वाटून घेत नाही. दाब पसरवायला आकार लागतो, म्हणजे पावलाच्या कमानीला, टाचेला नीट भिडणारा. टाच आणि चवडा एका पातळीत ठेवणारे सपाट बूट सध्या बरेच दिसतात. मधुमेहात घोट्याचा सांधा आणि पोटरीची शीर आखडलेली असण्याची शक्यता बरीच असते. पाय वर वळत नाही म्हटल्यावर भार चवड्यावर जातो, आणि असा सपाट बूट त्यात भर घालतो. मी त्यांच्या वाटेला जात नाही.

सँडलला माझा साफ नकार आहे. पट्ट्यांमधून खडा आत येतो, आणि आत आलेला खडा मला कळत नाही. विषय संपला.

जलरोधक पडद्याच्या बुटांबद्दल मी इतकी ठाम नाही. थंडीत, ओल्या गवतात ते सुख देतात. पण पाणी वरून, घोट्याकडून आत गेलं की ते बाहेर पडत नाही, बूट वाळायला वेळ लागतो आणि भिजून पांढुरकी झालेली त्वचा पटकन सोलवटते. ओल्या त्वचेवर घर्षण वाढतं, आणि फोड येतो तो घर्षणानेच. ओढे ओलांडायचे असतील तर मी साधे, लवकर वाळणारे बूट आणि मोज्यांचा कोरडा जोड पसंत करते. ओढ्यात बूट काढून अनवाणी उतरायचं मात्र नाही. तळाशी काय आहे ते मला पाय सांगणार नाहीत.

मोज्यांचं थोडक्यात. सुती नकोत, ओल धरतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्यावेत, बोटांवर शिवण नसलेले. शिवण असलीच तर उलटे करून घालावेत. वरचा इलॅस्टिक पट्टा पोटरीवर वळ उमटवणारा नको. आणि रंग फिकट असावा. पांढऱ्या मोज्यावर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो, काळ्यावर तो संध्याकाळपर्यंत लपून राहतो.

बूट घरी आला की खरं काम सुरू होतं. पहिले काही दिवस तो घरातच, तासाभरापुरता. काढला की मोजे उतरवायचे आणि दोन्ही पाय उजेडात बघायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवायचा. कुठे लाल झालं आहे का, आणि ती लाली अर्ध्या तासात ओसरते का, एवढाच प्रश्न. ओसरली नाही तर त्या जागी बूट दाबतोय, मग तो कितीही आरामशीर वाटो. परत करता येईल तोवर परत करावा. म्हणून त्या दिवसांत बूट बाहेर मातीत न्यायचा नाही. हे दुकानदारालाही आधीच सांगून ठेवावं. तासाचे दोन तास होतात, मग सपाट रस्ता, मग छोटी टेकडी. सलग दोन दिवस नवा बूट नाही. उंदरांच्या तळव्यांना जी सुट्टी कामी आली, ती माझ्याही येते.

दुसरी खूण उष्णतेची. फुटण्याआधी तळवा गरम होतो, हे ब्रँड यांनी हाताने चाचपून ओळखलं होतं. पुढे ते मोजलं गेलं. दोन्ही पावलांच्या त्याच जागी तापमानात सुमारे २.२ अंश सेल्सिअसचा फरक सतत दिसत असेल, तर गरम पायाला विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावं. त्यासाठी त्वचेचे साधे थर्मामीटर मिळतात. माझ्याकडे आहे, पण डोंगरात मी हाताच्या मागच्या बाजूने चाचपते. तळहातापेक्षा ती बाजू मला जास्त खरी वाटते.

चालताना मी घड्याळ लावते. दर पाऊण तासाने थांबायचं. दम लागलेला असो वा नसो, नजारा असो वा नसो. बूट काढायचा, उलटा करून झटकायचा, आत हात घालून टोकापर्यंत फिरवायचा. घडी पडलेला इनसोल, काडी, सुटलेला टाका, काहीही सापडतं. मग मोजा काढून पाय बघायचे. माझी चालण्यातली मैत्रीण सुरुवातीला वैतागायची. "अगं, आत्ताच तर बघितलेस! पाय कुठे पळून चाललेत का?" आता ती स्वतःच माझा तळवा मांडीवर घेऊन बघते आणि बिनदिक्कत शेरे मारते, "टाचेला क्रीम लावत नाहीस तू." लावते मी. बोटांच्या बेचक्यांत तेवढं लावत नाही, तिथे ओल साचते.

लाल ठिपका दिसला की तिथेच पट्टी लावायची, पुढच्या थांब्यावर नाही. फोड आलाच तर तो झाकायचा आणि त्या दिवसाची वाट तिथूनच परत. घट्टे, कुरूपं यांवर मिळणाऱ्या औषधी पट्ट्यांना हात लावायचा नाही. त्यांतलं आम्ल कुरूप आणि चांगली त्वचा यांत भेद करत नाही. घट्टे डॉक्टरांकडून काढून घ्यावेत. ते राहिले तर बुटातला खडा जसा खालून दाबतो, तसे तेही दाबत राहतात. मुक्कामाला शेकोटी असली की थंडगार पाय तिच्याकडे पसरायचा मोह होतो. मोजे दोन घाला, पाय दूर ठेवा. बधिर तळवा भाजतो तेव्हाही गप्पच असतो.

उतार हा बुटाचा खरा परीक्षक. चढताना चुका लपतात, उतरताना बोटं पुढे सरकून सगळं उघडं पडतं. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावर टाच टेकवून उभं राहावं आणि कोणाला तरी बोटांपुढची जागा वरून चाचपायला सांगावं. आपण सांगितलेलं चालणार नाही. उतरण्याआधी मी नाड्या पुन्हा बांधते. सगळ्यांत वरच्या दोन भोकांतून फास काढून टाच मागे घट्ट धरायची आणि चवड्यावर मात्र सैल ठेवायचं. नाडी जिथे पावलाच्या उंचवट्यावर रुतते, तिथे ती एकमेकींवरून न नेता बाजूने सरळ वर घ्यायची. दोन काठ्याही वापरते. तळव्याने जमीन नीट कळत नसली की तोल जातो, आणि काठ्या जमिनीची थोडीफार खबर हातापर्यंत आणतात.

साखर उतरली की बूट कितीही चांगला असला तरी पाय अडखळतो, हेही लक्षात ठेवायचं. लांब चालीनंतर साखर दुसऱ्या दिवसापर्यंत खाली येत राहू शकते. इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी डोस बोलून घ्यावा. पटकन चढणारी साखर, निदान १५ ग्रॅम, पिशवीच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावी, आणि घेतल्यावर १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं.

एक गोष्ट मात्र बुटावर ढकलू नये. एखादं पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं दिसतं, जखम नसते आणि दुखतही फारसं नसतं. बूट तंग झाला असेल असं वाटून माणूस नाडी सैल करतो आणि चालत राहतो. हा शार्को पाय असू शकतो. आत हाडं आणि सांधे मोडत असतात. १८६८ साली झाँ-मार्तीं शार्को यांनी वेगळ्याच आजारात त्याचं वर्णन केलं, आणि १९३६ मध्ये विल्यम जॉर्डन यांनी तो मधुमेहात दाखवला. अशा वेळी त्या पायावर भार द्यायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

बूट जुना झाला हेही पाय सांगत नाहीत, तो उघडून बघावा लागतो. मधल्या फोमवर कडेने सुरकुत्या पडल्या, तळाची नक्षी एका बाजूने झिजली, इनसोलवर चवड्याचा खोल खळगा पडला, की झाला. न वापरता कपाटात ठेवलेला बूटही तरुण राहत नाही. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो आणि एखाद्या दिवशी वाटेतच भुगा होऊन गळतो.

मी माझ्या पायाला बसलेल्या बुटाचे दोन जोड एकदम घेऊन ठेवायच्या विचारात होते, ते यामुळेच सोडून दिलं. आता जोड संपत आला की त्याच नावाचा नवा घ्यायला जाते. तो नावापुरताच तोच असतो. कंपनीने मधल्या काळात साचा अरुंद केलेला असतो, किंवा जीभ जाड केलेली असते. विकणारा सांगतो, "तोच आहे मॅडम, फक्त रंग बदललाय." मी इनसोल काढून जमिनीवर ठेवते आणि त्यावर उभी राहते.